पहिली मात्रा रिकामी

सांतियागोला आले तेव्हा माझ्याकडे एक वही होती
आणि संगीतशाळेने शिकवलेलं एक वाक्य :
"तुम्बाओ, म्हणजे बासची पुन्हा पुन्हा येणारी चाल."
एउलोहियो देस्पाइन्यने वाक्य ऐकलं,
आजारी बैलासारखा खाटेवर आडवा टाकलेला बास थोपटला
(तिसरी तार टेलिफोनची होती)
आणि म्हणाला, आधी पाव घेऊन ये.

पावाच्या रांगेत मिग्दालिया.
तिने हनुवटीनेच दाखवली
रस्ता ओलांडणारी एक नर्स, पांढरे मोजे, हातात डबा :
बघ, कंबर म्हणतेय चल, टाच म्हणतेय थांब की जरा.
हा तुम्बाओ. मलाही होता,
मग गुडघे आले.

न्हाव्याने मान सरळ धरायला सांगितली.
माझी नव्हे, खुर्चीतल्याची.
कात्री केसाला लागते, ते काम;
मधेच दोनदा हवेत वाजते, कुणाचंच काही न कापता,
तो तुम्बाओ.
त्या दोन वेळांचे पैसे मी घेत नाही, म्हणाला.

विल्बेर्तो ढोलावर बसला, तळवा, बोटं, चापट, तळवा,
घे मोजून, आठ.
मी मोजत होते तेवढ्यात आतून त्याची बायको :
शब्दच आहे पाडण्याचा! झाड पाडा, भिंत पाडा.
ह्यानं तीन संसार पाडले, चौथा माझा,
तो अजून उभा आहे कारण मी उभी आहे.
विल्बेर्तोचा एक ठोका चुकला.
मी तोही लिहून घेतला.

टेकडीवरच्या मंडळात, कडक इस्त्रीचे झगे घातलेल्या म्हाताऱ्या
म्हणाल्या, तुम्बा आमचा. ढोलही आमचा, नाचही आमचा,
तुमच्या त्या बासवाल्यांनी नुसती शेपटी लावली शब्दाला.
आणि दफनभूमीच्या फाटकाशी फुलं विकणारा दामासो,
त्याला कुणी विचारलंच नव्हतं, तरी बोलला :
तुम्बा म्हणजे थडगं, पोरी.
सगळे शेवटी त्याच तालात येतात.

वही भरली. मी वाचून दाखवली.
तोरा, ठेका, लचक, पाडापाडी, ढोल, थडगं,
एउलोहियो ऐकता ऐकता पाव संपवत होता.
मग त्याने बास उभा केला आणि वाजवला,
आणि पहिल्या मात्रेला, जिथे सगळं जग पाय आपटतं,
तिथे काहीच नाही वाजवलं.
समेच्या आधीच येऊन गेला होता तो,
दार उघडून बाजूला उभा राहावं तसा.

चुकलं का, मी विचारलं.
त्याने उत्तर दिलं नाही.
त्याला विचारलेलं आवडत नसे. मला लिहिलेलं आवडे.
असे आम्ही दोन वर्षं काढली.

सप्टेंबरात त्याच्या मेंदूत काहीतरी फुटलं.
उजवा पाय आता मागे राहतो,
डावा जरा लवकर निघतो,
आणि मधे एक जागा पडते.
दवाखान्यातून घरी आणला त्या दिवशी
मिग्दालिया रांगेतूनच ओरडली, अहाहा,
आता आला बघ म्हाताऱ्याला खरा तुम्बाओ!
सगळी रांग हसली. तो सगळ्यांत जास्त.

संध्याकाळी मी त्याला पाद्रे पिकोच्या पायऱ्यांनी वर नेते.
त्याचा दंड माझ्या हातात. खाली बंदर, डिझेलचा वास,
कुणाच्या तरी खिडकीत कढईत केळी तडतडतायत.
मी त्याच्याबरोबर पाय टाकते,
एक. एक. एक.
बाविसाव्या पायरीवर तो थांबतो, धापा टाकत.

तुझा पाय तिथे का येतो सारखा?

कुठे?

एकवर. तिथे नको ठेवूस.
तिथे कुणीतरी ठेवणार असतं.

मागून एक मुलगी दूध घेऊन धावत येते,
आम्हा दोघांच्या मधून, सुर्रकन,
आणि वर निघून जाते.